गाळलेली पोरं

माझ्या धाकट्या भावाला विद्यापीठातून काढायचं पत्र आलं, त्यात एका संशोधनाचा दाखला दिला होता. त्या संशोधनावर पहिलं नाव डॉ. एरिक हॅल्व्हर्सन यांचं आणि दुसरं नेडा वुकोविचचं. नेडा वुकोविच म्हणजे मी.

पत्र आईने रविवारी माझ्या हातात दिलं, कोबीच्या पानातला खिमा सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्यावर. आमच्या घरी वाईट बातमी वाढून झाल्यावरच सांगतात, म्हणजे कोणाला उठून जाता येत नाही. स्टीव्हो समोर बसून बटाटा कुस्करत होता. एकोणीस वर्षांचा घोडा, पण त्या दिवशी मान अशी खाली घातलेली की डोक्यावरचा भोवरा दिसत होता.

पहिल्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत तो नापास झाला होता. त्याने विनंती केली होती की दिवसाला सहा-सात तास मी ते छोटे छोटे व्हिडिओ बघत होतो, माझं डोकं कशावर म्हणून टिकेनासं झालं, आता मोठा फोन आईच्या ताब्यात दिला आहे आणि साधा घडीचा फोन घेतला आहे, मला फक्त आणखी एक सत्र द्या. विनंती त्याने स्वतः लिहिली होती. मला दाखवलीही नव्हती.

त्यावर अधिष्ठात्यांच्या कार्यालयाचं उत्तर असं: छोट्या व्हिडिओंमुळे एकाग्रतेवर वा बुद्धीवर परिणाम होतो या आपल्या म्हणण्याला आधार नाही, आपल्याच विद्यापीठात नुकतंच झालेलं संशोधन पाहावं. आपले गुण पाहता विद्यापीठातलं शिक्षण आपल्या कुवतीला साजेसं नसावं. हरकत असल्यास समितीपुढे येऊन सांगावं.

"कुवतीला," आई म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दिवसभर तीनशे पोरांना वाढते. "म्हणजे ठोंब्या म्हणायचंय ना त्यांना? मग सरळ लिहायचं. मी काय रडणार होते?"

"आई, जाऊ दे ना," स्टीव्हो म्हणाला.

"काय जाऊ दे? आठ वर्षांचा होतास तेव्हा रेडिओला कान लावून बेसबॉलचा अख्खा सामना ऐकायचास. एकेक चेंडू वहीत मांडायचास. बाबा मध्ये बोलले तर त्यांना गप्प करायचास. तो पोरगा ठोंब्या?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि हे म्हणे तू लिहिलंयस."

"आई, मी स्टीव्होबद्दल नाही लिहिलं. आम्ही सहाशे मुलं तपासली. जास्त व्हिडिओ बघणारी आणि कमी बघणारी. लक्ष देण्यात, कोडी सोडवण्यात फरक दिसला नाही. जे दिसलं ते लिहिलं."

"मग खरंच आहे की ते. फोनचा दोष नाही. पोराचाच."

हे ती रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. पण ती खरंच विचारत होती. अभ्यास मी केलाय, म्हणून मलाच उत्तर माहीत असणार, अशा भाबड्या नजरेने.

तेव्हा स्टीव्होने मान वर केली. "मी होतो त्यात."

"कशात?"

"तुमच्या त्या प्रयोगात. क्रेडिटसाठी."

पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलेल्या पोरांना कोणाच्या ना कोणाच्या प्रयोगात उंदीर व्हावंच लागतं, नाहीतर क्रेडिट मिळत नाही. तेव्हा त्यात नवल नव्हतं. नावं पुसून आकडे लावलेले असतात, त्यामुळे मला कळायचंही काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "मग? कसं झालं?"

"कसलं काय. एरी कालव्याच्या दारांवर चार पानं वाचायला दिली. चार पानं! कालव्याची दारं! मग प्रश्न. आणि प्रश्नांमध्येच एक होता, 'तुम्ही हे नीट वाचत असाल तर जांभळा रंग निवडा.' मी हिरवा निवडला."

"का?"

"काय माहीत. हिरवा आवडतो." तो ओशाळून हसला. "वाचलाच नव्हता गं प्रश्न. शेवटी पडद्यावर आलं, तुम्ही लक्ष दिलं नाही, तुमची माहिती धरली जाणार नाही, क्रेडिट मिळणार नाही. माझ्या खोलीतल्या रॉनीलाही तेच आलं. वसतिगृहात आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांना तेच आलं. आम्ही सगळे हसलो होतो. म्हटलं, लक्ष मोजायच्या परीक्षेत लक्ष नाही म्हणून हाकललं."

आईसुद्धा हसली. मी काटा खाली ठेवला.

त्या जांभळ्या प्रश्नाला आमच्याकडे गाळणी म्हणतात. सगळ्या जगातल्या प्रयोगशाळा ती लावतात. काही मुलं न वाचता कुठेही बोट दाबून मोकळी होतात, त्यांचा कचरा आकड्यांत मिसळू नये म्हणून. दुसऱ्या कुठल्याही अभ्यासात ती शहाणपणाची गोष्ट आहे. पण आम्ही लक्ष मोजायला निघालो होतो! गावात तापाची साथ आहे का ते बघायला निघायचं, दारोदार फिरायचं, आणि जो जो तापाने फणफणलेला दिसेल त्याला म्हणायचं, बाबा, तू बाजूला हो, तू आमचे आकडे बिघडवतोस. आणि मग जाहीर करायचं की गावात ताप नाही. हे आम्ही केलं होतं. शिकलेल्या माणसांनी, भिंतीवर पदव्या टांगून. आणि पुढे छापण्याआधी लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांनी त्याबद्दल आमची पाठ थोपटली होती, 'माहितीची शुद्धता उत्तम राखली आहे' म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग दुसऱ्या कोणावर काढायचा तर आधी स्वतःवरच काढावा लागणार होता, म्हणून ताट ढकललं आणि कोट घातला.

"जेवून तरी जा," आई म्हणाली.

"डब्यात घाल."

गाळलेल्या मुलांची माहिती आम्ही फेकत नाही, वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. त्या फाईलला मीच नाव दिलं होतं, 'गाळ'. सोमवारी सकाळी मी तो गाळ सगळ्यांत परत मिसळला आणि तेच गणित पुन्हा मांडलं. करायला अर्धा तास लागला. अर्धा तास! आधी कोणी तो काढला नव्हता. आकडे पडद्यावर आले आणि लहान पोरालाही दिसेल असं चित्र उभं राहिलं. व्हिडिओचे तास जसे वाढत जातात तसे गुण घसरत जातात. जिन्यावरून उतरावं तसे, पायरी पायरीने. आणि सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवर जवळजवळ सगळी गाळलेली पोरं.

एरिकच्या खोलीत गेले तेव्हा तो त्याच्या उंच मेजापाशी उभा होता. बसून काम केल्याने आयुष्य घटतं असं त्याने कुठेतरी बघितलं आहे. आमच्याकडे मार्गदर्शकाला पहिल्या नावाने हाक मारायची. सगळे सारखे म्हणून. सारखे असतो तर मी दार वाजवलं नसतं.

"नेडा! बघितलंस का? आपला व्हिडिओ चार लाखांवर गेला."

आमच्या संशोधनाचाही विद्यापीठाने अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला होता. त्यात एरिक हिरवळीवरून चालत येतो आणि म्हणतो, "पालकहो, निश्चिंत राहा." खाली उड्या मारणारी अक्षरं. अधिष्ठात्यांच्या कार्यालयाने मूळ लेख वाचला असेल असं मला नाही वाटत. वीस पानं आहेत.

मी आकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने पाहिले. त्याला लगेच कळलं, हे मला दिसलं. तो मूर्ख नाही, हीच तर चीड आणणारी गोष्ट.

"ही मुलं वाचतच नव्हती, नेडा. हा नुसता कोलाहल आहे."

"वाचू शकत नव्हती! तेच तर मोजत होतो आपण."

"आपण लक्ष देण्याची क्षमता मोजत होतो. आळस नाही."

"मग आळस कुठला आणि क्षमता कुठली, हे कसं ओळखलंत?"

"गाळणीने."

"म्हणजे ज्याचं लक्ष नाही तो आळशी. आणि आळशी बाजूला काढल्यावर उरलेल्या सगळ्यांचं लक्ष उत्तम. वा! आणि हे शोधायला आपल्याला तीन वर्षं लागली?"

"आवाज कमी कर. सगळे हेच करतात."

"सगळे करतात म्हणून बरोबर?"

"सगळे करतात म्हणून छापून येतं." त्याने चष्मा काढला. समजुतीचा स्वर लावायचा असला की तो चष्मा काढतो. "हे बघ. तू म्हणतेस ते रोचक आहे. पण यावरूनही काय सिद्ध होतं? व्हिडिओ बघून मुलं अशी झाली, की मुळात अशी होती म्हणून व्हिडिओच बघत बसली? सांगता येईल तुला?"

"नाही येणार."

"बघ!"

"पण 'पालकहो, निश्चिंत राहा' हेही नाही म्हणता येत. दुरुस्ती पाठवा, एरिक."

"शेवटी मर्यादा म्हणून एक ओळ घालू. पुढच्या लेखात."

"त्या व्हिडिओत घाला."

त्याने हसून मान हलवली, जणू मी लाडाने काही मागितलं होतं. मग त्याची नजर मेजावरच्या फोनकडे गेली, कारण फोन उजळला होता, आणि तो काय बोलत होता ते विसरला. मी बघत उभी राहिले. तो खरोखरच विसरला होता.

"हं, तर," तो परत वर बघत म्हणाला, "वसंतात तुझा प्रबंध सादर व्हायचाय. हा लेख त्यातला मधला भाग आहे. तो उपटलास तर काय उरेल, याचा विचार कर."

"माझ्या भावाला काढताहेत, एरिक. आपल्या लेखाचा दाखला देऊन. तो गाळातला आहे."

आता मात्र त्याने फोन उलटा ठेवला. "हे तुला कळायलाच नको होतं. सहभागी मुलांची ओळख गुप्त असते. हा नियमभंग आहे, नेडा."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. मी एवढंच म्हटलं की दुरुस्ती जात नसेल तर माझं नाव काढा, आणि दार जरा जास्तच जोरात लावलं. त्याच दुपारी लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना गाळाशिवायचं आणि गाळासकटचं अशी दोन्ही चित्रं पाठवून दिली. उत्तर यायला महिने लागतात, हे मला माहीत होतं. स्टीव्होची समिती पुढच्या आठवड्यात बसणार होती.

आणि समितीचा नियम असा की मुलाबरोबर एक माणूस आधाराला येऊ शकतं, पण त्या माणसाने तोंड उघडायचं नाही. पाणी देऊ शकतं. रुमाल देऊ शकतं. बोललं तर बाहेर. म्हणजे जे मी दोन श्वासांत सांगितलं असतं ते स्टीव्होला सांगावं लागणार होतं. ज्याच्या डोक्यात चार पानं कालवा टिकला नाही त्याला वीस पानं लेख समजून घेऊन तीन प्राध्यापकांसमोर उलगडायचा होता.

रोज संध्याकाळी मी स्टीव्होची तयारी करून घ्यायला आईकडे जायला लागले. पहिले दिवस वाईट गेले. तो एक परिच्छेद वाचायचा आणि उठून फ्रिज उघडायचा. फ्रिजमध्ये काही नवीन आलेलं नसायचं. बंद करायचा. बसायचा. घडीचा फोन टक्कन उघडायचा, टक्कन मिटायचा. त्यात बघण्यासारखं काही नाही हे त्यालाही माहीत होतं, बोटांना माहीत नव्हतं.

"स्टीव्हो, अरे एक पान! एक पान बसता येत नाही तुला?"

"नाही येत! माहीत आहे ना तुला नाही येत? त्याचाच अभ्यास केलास ना तीन वर्षं?" त्याने कागद भिरकावले. "तुला काय वाटतं, मला मजा येते? शब्द दिसतात गं मला. दिसतात, आणि मागचा पुसून जातो. फळ्यावर एक जण लिहितोय आणि मागून दुसरा पुसतोय. तू ओरडलीस की दोघेही पळतात."

आकड्यांत हे कुठेच नव्हतं. सहाशे मुलांना आम्ही जांभळा निवडायला सांगितलं, पण तुला आत काय होतं असं एकालाही विचारलं नव्हतं.

वाट शेवटी त्यानेच काढली. तो उठून टेबलाभोवती फिरत मोठ्याने वाचायला लागला, आणि आईला समोर बसवलं. आई बीन्स निवडत ऐकायची आणि अडायची.

"थांब. ते 'वगळले' म्हणजे कोणाला वगळले?"

"मला, आई. आणि रॉनीला."

"मग सहाशेंत तू आहेस की नाहीस?"

"सुरुवातीला आहे. शेवटी नाही."

"मग शेवटी सहाशे का लिहिलंय?"

स्टीव्हो थांबला. कागदात बोट घालून मागे गेला, पुढे आला. मग माझ्याकडे बघितलं. "अगं, हो की. व्हिडिओत तर तो हॅल्व्हर्सनही सहाशेच म्हणतो. खरे राहिलेत चारशेच." त्याच्या चेहऱ्यावर तो रेडिओपुढचा पोरगा मला क्षणभर दिसला. तेव्हा रडू आलं, ते रागाचं होतं. या पोराला आम्ही कचरा म्हणून बाजूला काढलं होतं.

समितीच्या दिवशी त्याने बाबांचा टाय बांधला. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, टाय त्याहून जुना. खोलीत लांब मेज, मेजामागे तिघं. अध्यक्ष श्रीमती प्रुइट, अधिष्ठात्यांच्या कार्यालयातल्या. शेजारी भूशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक टटल. आणि व्यापार शिकवणारा एक तरुण, ज्याने समोर लॅपटॉप उघडा ठेवला होता आणि ज्याचा चेहरा त्या पडद्याच्या उजेडात सारखा रंग बदलत होता.

"स्टीव्हन, दहा मिनिटं आहेत," प्रुइटबाई म्हणाल्या. "आणि सोबतच्या बाईंना नियम माहीत आहे ना?"

मी मान डोलावली.

स्टीव्होने सुरुवात चांगली केली. गाळणी काय असते, ते सांगितलं. आपण हिरवा निवडला, तेही लपवलं नाही. टटल गालात हसले. मग बाहेर कोणीतरी दार आपटलं आणि तो थांबला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. शब्द गेले. फळा पुसला गेला होता. त्याने टाय चाचपला, छताकडे पाहिलं. मला पुढचं वाक्य माहीत होतं, जिभेवर होतं, आणि मला ते गिळावं लागत होतं.

"दोन वाक्यांत सांगता आलं तर बरं होईल," प्रुइटबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "मुद्दा काय आहे?"

"दोन वाक्यांत नाही येत, मॅडम," स्टीव्हो म्हणाला. "दोन वाक्यांतलं तुम्ही आधीच बघितलंय. त्याच्यावरूनच मला पत्र आलं. मी पहिल्यापासून सांगतो."

आणि त्याने खरंच पहिल्यापासून सांगितलं. या वेळी उठून उभा राहिला, खुर्चीमागच्या दोन हात जागेत येरझाऱ्या घालत बोलायला लागला. सहाशे कोण, चारशे कोण, मधले दोनशे कुठे गेले. त्यांना परत घातल्यावर चित्र कसं बदलतं. त्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही. आईला सांगायचा तसंच, तिचे प्रश्न स्वतःच विचारत, स्वतःच उत्तर देत. घड्याळ वाजलं.

"वेळ संपली."

"बोलू द्या त्याला," टटल म्हणाले. "मी खडकांचा माणूस आहे. मला घाई नसते."

तो बोलत राहिला. लॅपटॉपवाल्याने एकदाही वर पाहिलं नाही. पोराचं अख्खं वर्ष त्या मेजावर ठेवलं होतं आणि हा इसम काहीतरी खाली सरकवत होता, सरकवत होता. लक्ष नसल्याबद्दल शिक्षा देणाऱ्या समितीत!

स्टीव्हो शेवटाला आला. "तर मी असं म्हणत नाही की व्हिडिओंनीच मला असं केलं. मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण तुम्ही पत्रात माहीत असल्यासारखं लिहिलंत."

प्रुइटबाईंनी पेन खाली ठेवलं. "छान बोललास. खरंच छान. पण यातच तुझं उत्तर आहे, नाही का? तू पाव तास एक अवघड विषय मुद्देसूद मांडलास. म्हणजे तुझ्या एकाग्रतेला काही झालेलं नाही. मग ते गुण कशामुळे आले?"

म्हणजे अडखळला असता तर कुवत नाही, आणि नाही अडखळला तर फोनचं निमित्त खोटं! छापा पडला तर ते जिंकणार, काटा पडला तर हा हरणार. स्टीव्होकडे याचं उत्तर होतं, पण ते त्याला शोधून काढायला वेळ लागणार होता, आणि वेळ त्या खोलीत कोणाकडे नव्हता.

"अहो, सहा आठवडे झालेत त्याने फोन सोडून!" मी उभी राहून ओरडले. "सहा आठवडे! हा पाव तास त्याने एका आठवड्यात एकेक शब्द ओढून कमावलाय. त्याला सुधारता येतं याचा पुरावा समोर उभा आहे आणि तुम्ही तोच पुरावा त्याच्यावर उलटवता? त्या लेखावर माझं नाव आहे. तो लेख चूक आहे. मी सांगतेय!"

लॅपटॉपवाल्याने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "या कोण?"

मला बाहेर काढलं. नियम होता. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. आत काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. मी ओरडल्याने त्याचं काम बिघडलं असेल का, हे सारखं मनात येत होतं, आणि तरी मला ओरडल्याचा पश्चात्ताप होत नव्हता.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. टाय सैल केलेला.

"नाही म्हणाले. एक वर्षाने परत अर्ज कर म्हणाले." तो माझ्या शेजारी बसला. "कुवतीचं वाक्य त्या म्हाताऱ्याने खोडायला लावलं. म्हणाला, हे आपल्याला माहीत नसताना लिहिलंय. बाई म्हणाल्या, ठीक आहे, खोडू."

"खोडू! उपकारच केले."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं होतं, त्याचा राखाडी चिखल झाला होता. आईला फोन करायला हवा होता. दोघांपैकी कोणीही केला नाही. मुलं वर्गातून वर्गात चालली होती, माना खाली, अंगठे हलत. एक जण खांबावर आदळता आदळता वाचला.

"नेडा," स्टीव्हो म्हणाला, "आता त्यांचं सोड. तू सांग. तू शिकलीयस. फोनने मी असा झालो, की मी मुळातच असा आहे?"

त्याला खोटं सांगणं सोपं होतं. आईनेही तेच सांगितलं असतं. पण त्याने वीस पानं वाचली होती, आणि वीस पानं वाचलेल्या माणसाला खोटं सांगता येत नाही.

"माहीत नाही मला, स्टीव्हो. खरंच नाही. कळलं असतं. जी मुलं बघून कळलं असतं त्यांना आम्ही दारातूनच परत पाठवलं."

पायऱ्यांवरून वर येणारी दोन मुलं आमच्यामध्ये शिरून निघून गेली.

"मग परत बोलवा की आम्हाला!" तो ओरडला. "नावं नाहीत तर दवंडी पिटा! वसतिगृहाच्या दारावर कागद लावा! रॉनीला बोलवा, सगळ्यांना बोलवा, आणि या वेळी हाकलू नका, विचारा! दोनशे जण आहोत आम्ही! कोणाला कळायला नको का आमच्या डोक्याचं काय झालं ते?"

पायऱ्यांवरची सगळी मुलं थांबून वळून बघायला लागली. एकाने फोन वर उचलून आमच्यावर रोखला. वर्षभर हा पोरगा फक्त स्वतःवर चिडत आला होता, आणि स्वतःला मूर्ख म्हणत आला होता. मी त्याला शांत हो म्हटलं नाही.